निकोटिन गम २ एमजी (मिंट): तलफ भागते, टपरी सुटत नाही

३.५ स्टार. फायनल इयर इंजिनिअरिंग, हॉस्टेलला राहतो. मेडिकलमध्ये २ एमजी बिनाचिठ्ठीचं मिळतं, ४ एमजीला डॉक्टरची चिठ्ठी लागते.

काम करतं, पण बबलगमसारखं चघळत सुटू नका राव. हळू चावायचं, झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. सारखं चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं मग उचक्या, मळमळ, आणि लोक इथे येऊन १ स्टार देऊन जातात. चहा-कॉफी-कोल्ड्रिंकनंतर १५ मिनिटं थांबा, नाहीतर तोंडात नीट शोषलंच जात नाही.

आता स्टार कुठे कापले ते. सिगरेटचं निकोटिन काही सेकंदात डोक्यात पोचतं, याला २०-३० मिनिटं लागतात, म्हणजे वायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) दाराबाहेर उभं राहून तोंडात टाकलंत तर उपयोग शून्य. पण एक गोष्ट याच्यामुळेच कळली. आपण म्हणतो ना सुट्ट्याने टेन्शन जातं, त्यातलं बरंचसं टेन्शन मागच्या सुट्ट्याचं निकोटिन उतरल्यामुळेच आलेलं असतं, पुढचा मारला की तेवढंच जातं, सबमिशन तिथेच. गम घेतलं की ती चिडचिड कमी होते आणि मग खरं टेन्शन केवढं होतं ते दिसतं, बऱ्याचदा फारसं नसतंच.

बाकी जे आहे त्यावर गम काय करणार? रात्री जर्नल लिहिताना कोणीतरी म्हणतं 'चल खाली जाऊन येऊ', आणि खाली सीनियर-ज्युनियर सगळे एकाच लायटरवर, नाही म्हटलं की आपणच बाहेरचे. फर्स्ट इयरला बहुतेक जण निकोटिनसाठी नाही, या घोळक्यासाठी सुरू करतात. त्यात लूज, म्हणजे एकेक सुटी सिगरेट मिळते, पाकीट कधी घेतलंच नाही म्हणून 'मी कुठे स्मोकर, एक्झामपुरतं' असं वर्षानुवर्षं चालतं. (२००३ च्या कायद्याने कॉलेजपासून १०० यार्डात विकायला बंदी आहे म्हणे, आमच्या गेटवरून लायटरचा आवाज ऐकू येतो.)

सकाळी उठल्या उठल्या लागत असेल तर घ्याच, पण डोस आधी डॉक्टरला विचारा. फक्त ग्रुपमध्ये पीत असाल तर पैसे वाया, त्यापेक्षा सिगरेटच्या पाकिटावर छापलेला तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनचा नंबर १८००-११-२३५६ लावा, फुकट आहे. आणि फ्लेवर मिंटच घ्या, पानवालं तोंडात टाकलं की सरळ टपरीच आठवते.