पंप, चॅनल की जांभळं पटल? प्रकाशावर चालणाऱ्या प्रथिनांपैकी प्रबंधासाठी काय घ्यावं

प्रकाश पडला की पेशीपटलातून आयन हलवणाऱ्या प्रथिनांवर प्रबंध करायचा, एवढं ठरलं तरी नेमकं कोणतं प्रथिन हा प्रश्न उरतोच, आणि बरेच प्रकल्प तिथेच अडकतात. चॅनलरोडॉप्सिनचं (प्रकाशाने उघडणारा आयन-मार्ग) नाव मोठं म्हणून ते निवडलं जातं. महिन्याभराने कळतं की त्याचा विद्युतप्रवाह मोजायला लागणारं पॅच-क्लॅम्प (पेशीला बारीक काचनळी चिकटवून प्रवाह मोजणारं उपकरण) आपल्या कॉलेजात नाही. एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात हाताशी खरे दिवस असतात तीन-चार महिन्यांचे. म्हणून मुंबईतल्या साधारण कॉलेजात, साधारण सामानात काय निभेल हे डोळ्यासमोर ठेवून तीन वाटांची ही तुलना: जांभळं पटल, ई. कोलाय जिवाणूत बनवलेला पंप आणि चॅनल.

आधी तिन्हींत सारखं काय ते. पटलात सात पीळ आरपार गेलेले, मधल्या पोकळीत रेटिनल या प्रकाश शोषणाऱ्या द्रव्याचा एक रेणू, आणि तो लायसिन या अमिनो आम्लाला शिफ बेस नावाच्या बंधाने जोडलेला. प्रकाशकण शोषला की रेटिनल ऑल-ट्रान्सचं 13-सिस होतं (सरळ रेणू वाकतो), प्रथिनाला आतून हिसका बसतो आणि मग सगळं मूळ जागी येतं. या एका फेरीला प्रकाशचक्र म्हणतात.

फरक पुढे सुरू होतो. पंप म्हणजे सोसायटीची मोटर: खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत, उताराच्या उलट. एका फेरीत एकच आयन जातो. बॅक्टेरिओरोडॉप्सिनची (जांभळ्या पटलातला प्रोटॉन-पंप) फेरी साधारण 10 मिलिसेकंदांची, म्हणजे भरपूर प्रकाशातही एका रेणूमागे सेकंदाला फार तर 100 प्रोटॉन. चॅनल म्हणजे घरातला नळ: वर चढवण्याची ताकद नाही, पण उघडला की उताराने धो धो. चॅनलरोडॉप्सिन-2 ची एका रेणूची वाहकता 40 फेम्टोसीमेन्स धरा आणि पटलावर 100 मिलिव्होल्ट. प्रवाह आला 4 फेम्टोअँपिअर, म्हणजे सेकंदाला सुमारे 25,000 आयन. नळ 10 मिलिसेकंद उघडा राहिला तर एका प्रकाशकणामागे 250. पंपाच्या मानाने हे पुष्कळ, पण मेंदूपेशींतल्या नेहमीच्या आयन-चॅनलांच्या मानाने फारच थोडं. म्हणून चॅनलरोडॉप्सिनचा एकेक रेणू मोजता येत नाही, अख्ख्या पेशीचा प्रवाह मोजावा लागतो. निवड करताना हा हिशोब आधी करा, उपकरणांची यादी त्यावरून ठरते.

पहिली वाट: जांभळं पटल

बॅक्टेरिओरोडॉप्सिन 1971 मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर श्टोकेनियस यांनी हॅलोबॅक्टेरियम या मीठप्रेमी सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या पटलात दाखवलं. याच प्रथिनाचे लिपोसोम (मेदाच्या पटलाचे सूक्ष्म फुगे) करून त्यात गाईच्या हृदयातलं एटीपी सिंथेज हे एटीपी बनवणारं विकर बसवलं, प्रकाश टाकला आणि एटीपी तयार झालं. रॅकर आणि श्टोकेनियस यांच्या 1974 च्या या प्रयोगाने मिचेलच्या रसायन-परासरण सिद्धांताला (प्रोटॉनच्या उतारावर एटीपी बनतं) मोठं बळ दिलं. त्यामुळे शिकवण्याच्या दृष्टीने याच्याइतकं चांगलं प्रथिन नाही.

मुंबईकराच्या मनात पहिली कल्पना येते ती मिठागराची. भाईंदर, मुलुंड, भांडुपच्या आगरांत एप्रिल-मेमध्ये मीठ बसणारे शेवटचे वाफे गुलाबी दिसतात, तिथूनच जीव आणावेत, असं वाटतं. नमुना आणायला हरकत नाही (आगर चालवणाऱ्यांची परवानगी घेऊन), पण प्रकल्प त्यावर उभारू नका. तो गुलाबी-लाल रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिन या कॅरोटिनॉइडचा आणि ड्युनॅलिएला शेवाळातल्या बीटा-कॅरोटिनचा असतो, आणि मीठप्रेमी आर्किया (जिवाणूंसारखे एकपेशी जीव) सापडले म्हणजे त्यांत हा पंप असेलच असं नाही. त्यापेक्षा चंडीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहांच्या यादीत हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरम शोधा.

माध्यम साधं असतं: लिटरला 250 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, 3 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, 2 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 10 ग्रॅम पेप्टोन, पीएच 7 च्या आसपास. फसगत पेप्टोनमध्ये होते. काही पेप्टोनमध्ये पित्ताम्लांचा अंश असतो आणि त्याने या पेशी फुटतात. वाढच दिसत नसेल तर मिठाला दोष देण्याआधी पेप्टोन बदलून पाहा. 37 ते 40 अंशांवर पाच ते सात दिवस लागतात. शेवटच्या दिवसांत हवा कमी आणि उजेड जास्त ठेवा: फ्लास्क निम्म्याहून जास्त भरलेला, शेकर हळू, शेजारी ट्यूबलाइट. प्राणवायू भरपूर असेल तर पेशी जांभळं पटल बनवायच्या भानगडीत पडत नाहीत. या वाटेचा एक खास फायदा मुंबईत जाणवतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बाकी सगळ्या कल्चरना बुरशी लागते, पण 25 टक्के मिठात ती सहसा टिकत नाही.

पेशी शुद्ध पाण्यात टाकल्या की फुटतात. डीएनए तोडणारं डीएनेज घातलं नाही तर द्रव पाकासारखा तार धरतो आणि पुढे काहीच होत नाही. साधारण 40,000 ते 50,000 g वर फिरवलं की वरचं पाणी लाल आणि तळाशी जांभळा थर. वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. 568 नॅनोमीटरला शोषकता 0.63 आली तर प्रथिन 10 मायक्रोमोलर आहे, आणि 280 ला 568 ने भागून 2 च्या आसपास किंवा खाली आलं तर शुद्धता चांगली. मोजण्याआधी नमुना दहा मिनिटं उजेडात ठेवा, अंधारात ठेवलेल्याचा शिखरबिंदू 558 कडे सरकलेला असतो. आयनमुक्त पाण्याने फार धुतलं, किंवा पीएच 3 च्या खाली गेलं, तर जांभळा रंग निळा होतो आणि पंप थांबतो. घाबरू नका: पीएच 7 च्या आसपास असेल तर चिमूटभर मॅग्नेशियम क्लोराइड घाला, रंग परत येतो. विद्यार्थ्यांना हा रंगबदल जरूर दाखवा.

खारट द्रव ॲल्युमिनिअमच्या रोटरमध्ये सांडला तर तासाभरात पुसायलाच हवा, नाहीतर रोटर गंजतो आणि विभागात तुमचं नाव निघतं.

आता या वाटेची खरी अडचण. धुऊन मिळालेलं जांभळं पटल म्हणजे उघडे कागद, त्यांना आत-बाहेर नसतं. त्यांवर प्रकाश टाकून टिकणारा पीएच फरक मिळणार नाही. वाहतूक दाखवायची तर लिपोसोम करावे लागतात, आणि त्यांत बरेचदा प्रथिन उलटं बसतं. म्हणजे जिवंत पेशीत बाहेरचा पीएच प्रकाशात उतरायचा तर इथे चढतो. हे माहीत नसेल तर बरोबर आलेला आलेख चुकीचा वाटून फेकला जातो.

दुसरी वाट: ई. कोलायमध्ये पंप

बहुतेकांनी हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे, म्हणून इथे जास्त थांबू.

ई. कोलायला स्वतःचं रेटिनल नसतं. तुम्ही बाहेरून घालता, आणि म्हणूनच तुलनेचा नमुना फुकटात मिळतो: तोच प्लाझ्मिड (प्रथिनाचं जनुक वाहणारं डीएनएचं वर्तुळ), त्याच पेशी, फक्त रेटिनल नाही. बॅक्टेरिओरोडॉप्सिन इथे नीट बनत नाही, त्याच्या मागे लागू नका. चांगले उमेदवार तीन. समुद्री जिवाणूंतला प्रोटिओरोडॉप्सिन सोपा, पण आम्लधर्मी बाजूला त्याचं पंपिंग मंदावतं आणि बफर नसलेल्या द्रवाचा पीएच तिकडेच झुकतो. ग्लीओबॅक्टरचा रोडॉप्सिन त्या बाबतीत बरा. आणि तिसरा केआर2, म्हणजे 2013 मध्ये क्रोकिनोबॅक्टरमध्ये सापडलेला सोडियम पंप. सत्र एकच असेल तर आम्ही केआर2 सुचवू, कारण तो एकटाच दोन प्रयोगांचं काम करतो.

रेटिनलचा साठा 10 मिलिमोलर: इथेनॉलमध्ये मिलिलिटरला 2.84 मिलिग्रॅम, छोट्या वाटण्या करून फॉइलमध्ये, उणे 20 वर. पेशींची ओडी (द्रवाची गढूळता) 0.5 झाली की आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) 0.5 ते 1 मिलिमोलर आणि 100 मिलिलिटरला 100 मायक्रोलिटर रेटिनल. फ्लास्क फॉइलने झाका, 37 अंशांवर चार तास. थर फिरवून खाली आणला की रेटिनलवाल्या पेशी गुलाबी-लालसर, बिनरेटिनलच्या मळकट पांढऱ्या. दोन्ही नळ्या शेजारी धरून फोटो काढा. रंग नसेल तर पुढे जाऊ नका, आधी रेटिनल बदला.

पेशी 100 मिलिमोलर मिठाच्या पाण्याने तीनदा धुवा. बफर अजिबात नको, थोडाही उरला तर पीएच हलतच नाही. सात-आठ मिलिलिटरमध्ये ओडी 2 ते 5, चुंबकी ढवळणी हळू, आणि पीएच मीटर निदान 0.01 पर्यंत दाखवणारं, 0.001 असेल तर उत्तमच. मीटर संगणकाला जोडता येत नसेल तर त्याच्या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि दर दोन सेकंदांचा आकडा उतरवा, चालतं. प्रकाशासाठी लॅमिंग्टन रोडवर मिळणारा 3 वॉटचा हिरवा एलईडी, हीटसिंक आणि ड्रायव्हर पुरतो. मध्ये पाण्याने भरलेली चपटी काचेची बाटली ठेवा, कारण उष्णतेनेही इलेक्ट्रोडचा आकडा सरकतो. तो सरकणं किती, हे बिनरेटिनलच्या पेशी सांगतील.

आता खरी गंमत. मिठाच्या द्रवात केआर2 प्रकाशात सोडियम बाहेर फेकतो, पेशीचा आतला भाग आणखी ऋण होतो, त्या ओढीने बाहेरचे प्रोटॉन आत शिरतात आणि बाहेरचा पीएच चढतो. 10 मायक्रोमोलर सीसीसीपी (प्रोटॉनना पटलातून आरपार नेणारं विष) घातलं की प्रोटॉनना वाट मोकळी होते आणि चढ वाढतो. त्याच पेशी पोटॅशियम क्लोराइडमध्ये घ्या: सोडियम नाही म्हणून हा पंप प्रोटॉनच बाहेर टाकतो, पीएच उतरतो, आणि सीसीसीपी घातलं की तो उतार नाहीसा होतो. एकाच प्रथिनाचे दोन उलटे आलेख, आणि दोन्हींचं कारण एका विषाने तपासलेलं.

सीसीसीपी कशासाठी याचं उत्तर तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं. क्लोराइड आत घेणाऱ्या हॅलोरोडॉप्सिनसाठीही तपासणी हीच: पीएच चढतो, सीसीसीपीने वाढतो. सोडियम पंपापासून तो वेगळा काढायचा तर सोडियम सल्फेटमध्ये मोजा. क्लोराइड नाही म्हणून हॅलोरोडॉप्सिन गप्प बसतो, केआर2 चालू राहतो.

पोटॅशियमकडे जाताना धुण्यात कंजूषी करू नका. थरात 0.2 मिलिलिटर जुना द्रव राहिला आणि 10 मिलिलिटरने धुतलं तर 100 मिलिमोलर सोडियम 2 वर येतो, दुसऱ्यांदा 0.04 वर. एकदाच धुतलं तर दोन्ही क्रिया एकमेकींना खाऊन टाकतात आणि आलेख सपाट येतो. प्रत्येक मोजणीच्या शेवटी 10 मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे 5 मायक्रोलिटर टाकून पीएच किती उतरला ते नोंदवा. ते 50 नॅनोमोल प्रोटॉन, म्हणजे तुमच्या आकड्यांना माप मिळालं.

तिसरी वाट: चॅनल

चॅनलरोडॉप्सिन क्लॅमिडोमोनास या शेवाळातला. 2002 आणि 2003 मध्ये नागेल, हेगेमान आणि सहकाऱ्यांनी त्याचं चॅनल असणं दाखवलं, 2005 मध्ये मेंदूपेशी त्याने चेतवल्या गेल्या, आणि 2021 मध्ये त्याच कुळातल्या एका प्रथिनाने दृष्टी गेलेल्या रुग्णाला अंशतः दिसू लागलं. विषय मोलाचा आहे यात शंका नाही. पण मोजायला एचईके पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी), कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर, पॅच-क्लॅम्प आणि कंपनरोधक टेबल लागतं, आणि काचनळी पेशीला घट्ट चिकटवून सील धरायला हात बसायलाच महिना-दीड महिना जातो. कुलाब्याच्या टीआयएफआर किंवा पवईच्या आयआयटीतल्या गटाने जागा दिली तरच ही वाट धरा.

जागा मिळालीच तर दोन गोष्टी. उणे 60 मिलिव्होल्टला धरून 470 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की प्रवाह आधी शिखर गाठतो, मग खालच्या पातळीवर स्थिरावतो. शिखर पूर्ववत यायला अंधारात बरेच सेकंद लागतात, म्हणून दोन झोतांत अर्धा मिनिट सोडा. न सोडल्यास शिखर दर वेळी लहान दिसतं आणि पेशी मरतेय असा गैरसमज होतो. दुसरं, निळा प्रकाश थेट चांदीच्या इलेक्ट्रोडवर पडला तर पेशीशिवायही प्रवाह दिसतो. रिकाम्या द्रवात एकदा झोत टाकून खात्री करा.

पॅच-क्लॅम्प नाही पण चॅनलच हवा, तर क्लॅमिडोमोनास पाळा. पेट्री डिशच्या एका कडेने निळसर-हिरवा प्रकाश टाकला की पेशी काही मिनिटांत सरकतात, तीव्रता वाढवली की उलट पळतात. आयन मोजले जात नाहीत, वागणं मोजलं जातं, आणि पदवीच्या प्रकल्पाला तेवढं पुरे.

ठरवताना

हाय-स्पीड सेंट्रिफ्यूज आहे पण जनुक-काम करता येत नाही: जांभळं पटल. शेकर, साधं सेंट्रिफ्यूज, पीएच मीटर एवढंच आहे: केआर2. दुसऱ्या वाटेसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज लागतो, आणि प्लाझ्मिड परदेशातून येणार असेल तर करारपत्र आणि कस्टमचा वेळही धरा. सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी गेलेला हवा. रेटिनल मात्र इतक्या लवकर मागवू नका. पेशी रंगायला तयार असतील त्याच आठवड्यात ताजी बाटली फोडा.