सोफा बघायला गेलात तर उठून बघा

जुना सोफा भंगारवाल्याला द्यायच्या आदल्या रात्री मी तो उलटा केला आणि कात्रीने खालचं काळं कापड फाडलं. सव्वादोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममधून घेतलेला. तेव्हा त्याच्यावर बसून घरातल्या प्रत्येकाने 'अहाहा' म्हटलं होतं. आत पाइनच्या बारीक पट्ट्या निघाल्या, नुसत्या पिना ठोकून जोडलेल्या. बैठकीखालच्या इलॅस्टिकच्या पट्ट्यांपैकी दोन एका बाजूने सुटून लोंबत होत्या. फोम चिमटीत धरून उचलता येत होता आणि त्याच्या कडेने पिवळा भुगा सांडत होता. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. "म्हणजे मी दोन वर्षं या खड्ड्यातून वर येत होते होय," एवढंच म्हणाल्या.

नव्या सोफ्यासाठी तीन रविवार फिरलो. ठाणे, तुर्भे, उल्हासनगर. या खेपेला बरोबर मोजपट्टी होती, प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा होता आणि आई, म्हणजे सासूबाई, होत्या. रोज दोन-तीन तास बसायचंय, पाठीला आधार हवाय आणि घरात एकाचे तरी गुडघे कुरकुरतात, अशा घरांसाठी हे लिहितेय. हॉल फोटोत छान दिसावा एवढंच हवं असेल तर यातलं निम्मं वाचलं नाहीत तरी चालेल.

आधी घरातली मापं

प्रत्येकाला स्टुलावर बसवा, पावलं पूर्ण जमिनीला टेकलेली. जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत एक माप, आणि पाठीच्या मागून लवणीपर्यंत दुसरं. आमच्या आई साडेपंधरा आणि अठरा इंच. नवरा अठरा आणि साडेवीस. मुलगा सोफ्यावर बसतच नाही, आडवा असतो, त्याचं माप म्हणजे सोफ्याची लांबी.

पहिलं माप बैठकीच्या उंचीसाठी. इथे बहुतेक जण फसतात, कारण दुकानदार रिकाम्या सोफ्याची उंची सांगतो. एका ठिकाणी चिठ्ठीवर १८ इंच होतं. आई बसल्यावर मी पट्टी लावली तर बैठकीची कड साडेचौदावर आलेली. गुडघे कमरेपेक्षा वर गेले की उठताना सगळं वजन मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतं. म्हणून माणूस बसलेला असताना मोजा.

दुसरं माप खोलीसाठी, म्हणजे बैठक किती खोल असावी यासाठी. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर सोफ्याची कड आणि लवण यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. हल्ली लाउंज म्हणून जे सोफे मिळतात त्यांची बैठक २४ इंच किंवा त्याहून जास्त खोल असते. आईंसारखं माणूस त्यावर टेकून बसलं तर पाय अधांतरी, आणि पाय टेकवले तर पाठ अधांतरी. मग हळूहळू घसरत कमरेची कमान होते आणि हनुवटी छातीला लागते. टीव्हीवर मालिका संपेपर्यंत पाठ भरून येते ती यामुळे.

आता आपल्याकडची एक अडचण. मेथी निवडायला आई सोफ्यावर मांडी घालून बसतात, आणि मांडीला २० इंच खोल बैठक कमी पडते. त्यामुळे खोली २१-२२ ठेवायची आणि टेकून बसताना पाठीशी घट्ट लोड घ्यायचा, हा आम्ही काढलेला मधला मार्ग. लोड मऊ पिसांसारख्या भरणाचा नको, तो दबून जातो.

उंची-खोली जमली की उठून बघा. बसताना सगळेच सोफे चांगले वाटतात. उठताना दोन गोष्टी लागतात. सोफ्याचा हात पुढच्या कडेपर्यंत आलेला आणि घट्ट हवा, म्हणजे त्यावर जोर देता येतो. दुसरी गोष्ट मला स्वतःला आईंकडे बघून कळली: उठताना त्या पावलं मागे, सोफ्याखाली सरकवतात. ज्या सोफ्याची पुढची बाजू जमिनीपर्यंत बंद आहे, सामान ठेवायच्या खणामुळे वगैरे, तिथे टाच अडते आणि माणूस दोन-तीन हेलकावे देऊन उठतो. चार-पाच इंचांचे पाय असलेला सोफा यासाठी बरा. केरसुणीही आत जाते.

आणि दुकानात निदान वीस मिनिटं बसा. सेल्समनला वाईट वाटलं तर वाटू दे.

फोमचं वजन

'४० डेन्सिटी' म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. म्हणजे हा आकडा तोलून बघता येतो! २४ बाय २४ इंचांचा, ५ इंच जाडीचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण १.९ किलो भरतो, ३२ चा असेल तर दीड किलो. खोळ चढवायच्या आधी काट्याला टांगा. एका दुकानात मी काटा काढला तेव्हा मालक हसले, मग म्हणाले, "ताई, हा सॅम्पल पीस आहे, तुमच्या सोफ्यात चांगला टाकू." आम्ही नमस्कार करून निघालो.

एक सावधगिरी. रिबॉन्डेड फोम, म्हणजे कापलेल्या फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला, तो याहून कितीतरी जड असतो. रंगीबेरंगी ठिपक्यांवरून लगेच ओळखू येतो. सर्वांत खालच्या थराला चालतो, वर असला तर पाटावर बसल्यासारखं वाटतं.

डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानांत सर्रास एकच समजून बोलतात. डेन्सिटीवर फोम किती वर्षं टिकेल हे ठरतं. मऊ की कडक, ते फोम बनवताना वेगळं ठरतं. जड आणि तरीही मऊ फोम असतो, हलका आणि कडकही असतो, आणि हा दुसरा शोरूममध्ये छान वाटून वर्षभरात बसतो. बैठकीसाठी एचआर, म्हणजे हाय रेझिलियन्स, फोम मागा. मूठ दाबून सोडली की तो लगेच वर येतो.

कुठला कशासाठी

मोठा मऊ एल-आकाराचा सोफा. घरात सगळे तिशीच्या आतले, रविवारी चौघांनी लोळत मॅच बघायची, तर याच्यासारखं सुख नाही. आमच्या १० बाय १६ च्या हॉलमध्ये त्याने निम्मी जागा खाल्ली असती. गणपतीत मखर कुठे मांडायचं हा प्रश्न वेगळाच, कारण हा सोफा कोपऱ्यात एकदा बसला की हलत नाही. घ्यायचाच असेल तर सुटे भाग होणारा घ्या आणि लिफ्टच्या दाराची उंची-रुंदी मोजून जा. सिडकोच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत लिफ्टच नसते. सीवूड्सला माझ्या भावाकडे जिन्याच्या वळणावर सोफा अडकला आणि तासभर सगळ्या मजल्यांवरचे लोक सल्ले देत उभे होते.

तुर्भ्याचं आयकिया. डिसेंबर २०२० पासून आहे, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने थेट तुर्भे स्टेशन. याचा मोठा फायदा मला वाटला तो हा की कोणी मागे लागत नाही. आई एकेका सोफ्यावर बसल्या, मी मोजत बसले, कोणी विचारायलाही आलं नाही. माप चिठ्ठीवर छापलेलं असतं, बऱ्याच सोफ्यांची कव्हरं काढून धुता येतात, सामान खोक्यांतून येतं त्यामुळे जिना आडवा येत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, दर दोन-तीन वर्षांनी टेम्पो बोलावणाऱ्यांना मी हाच पर्याय सांगेन. आमच्यासाठी बऱ्याच बैठका खोल निघाल्या, आणि तिथे दोन इंच कमी करून द्या असं सांगता येत नाही.

उल्हासनगरचा फर्निचर बाजार. तिथे एका दिवसात जेवढे सोफे दिसतील तेवढे ठाण्यात आठवडाभर फिरून दिसणार नाहीत. भावही उतरतो. साधारण आमच्या मनातला तीन जणांचा सोफा तिथे सत्तावीस हजारांत सांगितला, ठाण्यात अडतीस. पण तयार सोफ्याच्या पोटात काय आहे ते विचारून कळत नाही, आणि तक्रार असेल तर कल्याणच्या पुढे खेपा घालायच्या. ज्यांना लाकूड कळतं, किंवा ओळखीचा सुतार बरोबर नेता येतो, त्यांनी जरूर जावं. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलून बघा. दुसरा पुढचा पायही लगोलग उचलला गेला तर चौकट घट्ट आहे. तो जमिनीवरच राहिला आणि सोफा पिळवटला, तर पुढच्या दुकानात.

रिक्लायनर. मुलाची इच्छा होती. पाय वर होतात, पाठ मागे जाते, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला मोठा आराम. पण आईंना हाताने चालणाऱ्या रिक्लायनरचा पायटेकू टाचेने दाबून बंद करता येईना. त्या अर्धवट आडव्या पडून "अरे, मला कोणी बाहेर काढा" म्हणत होत्या आणि आम्ही सगळे आधी हसलो, मग वरमलो. मोटरवाला असेल तर ती अडचण जाते, पण प्लग हवा, दुरुस्ती करणारा हवा आणि मागे भिंतीपासून जागा हवी. मानेखालचा भाग डोकं पुढे ढकलत नाही ना, तेही बघा. बुटक्या माणसांना हमखास ढकलतो.

लाकडी सोफा, सुट्या गाद्यांचा. याला हल्ली कोणी विचारत नाही, आजोबांच्या घरची वस्तू म्हणून. गुडघ्यांच्या दृष्टीने मात्र तीन रविवारांत बघितलेल्यांत हाच पहिला. उंची ठरलेली, हात पुढेपर्यंत आणि घट्ट, खाली मोकळं. फोम बसला की फक्त गादी बदलायची, कापडाचा कंटाळा आला की खोळ. सागवान असेल तर तो आपल्यानंतर मुलांना मिळेल, मुलांना हवा असो वा नसो. तोटे दोन: तीन जणांच्या सागवानी सोफ्याला आम्हाला पंचावन्न हजार सांगितले, आणि त्यावर आडवं पडून झोप लागत नाही.

ऑनलाइनबद्दल एवढंच, की बसून न बघता सोफा घेणार असाल तर निदान परत घेण्याच्या अटी, परतीचा वाहतूक खर्च कोणाचा, हे आधी वाचा. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

कापड आणि पाऊस

रेग्झिन किंवा लेदरेट पुसायला सोपं, पण त्यावर पॉलियुरेथेनचा थर असेल तर तो आपल्या दमट हवेत झिजतो आणि पापुद्रे सुटायला लागतात, आधी डोकं-मान टेकते तिथे. उघड्या दंडांना उन्हाळ्यात चिकटतं ते वेगळंच. घट्ट विणीचं पॉलिस्टरचं कापड, चेन असलेली खोळ, हे रोजच्या वापराला सोयीचं. रंग चहाच्या जवळचा घ्या. ओल येणाऱ्या भिंतीपासून सोफा तीन-चार इंच पुढे ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये मागच्या कापडावर बुरशी धरते. आमच्या जुन्या सोफ्याच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा नकाशा होता.

आम्ही काय केलं

सगळ्यांना एकाच सोफ्यात बसवायचा हट्ट सोडला. नौपाड्यातल्या एका कारागिराकडून तीन जणांचा सोफा करून घेतला: साल लाकडाची चौकट, बैठकीखाली झिगझॅग स्प्रिंगा, ४० डेन्सिटीचा एचआर फोम, खोली २१ इंच, बसल्यावर उंची साधारण साडेसोळा. हे सगळं बिलावर लिहून घेतलं. कापड लावायच्या आधी उघडी चौकट बघायला गेलो, फोम तोलला, १ किलो ८७० ग्रॅम भरला. कारागीर म्हणाला, असं तोलणारी तुम्ही पहिलीच. जोडीला आईंसाठी लाकडी, हातांची, उंच पाठीची एकच खुर्ची. ती आणल्यावर त्यांना अर्धा इंच उंच वाटली, म्हणून गादीतला खालचा थर कमी करून घेतला. त्याचे त्याने पैसे घेतले नाहीत.

खर्च शोरूमच्या एल-सोफ्याच्या दोन-तृतीयांश झाला. त्रास मात्र जास्त, तीन वेळा खेप, आणि कापडाच्या पुस्तकावरून घरात झालेले वाद वेगळेच. वेळ नसेल, कोणी कारागीर माहितीतला नसेल, तर लाकडी सोफा आणि चांगल्या गाद्या, किंवा तुर्भ्याला जाऊन कमी खोलीचा सोफा शोधणं, यातलं काहीही चालेल.

करून घेणार असाल तर गणपतीच्या निदान दोन महिने आधी सांगा. आम्हाला पंधरा दिवसांचा वायदा होता, सोफा आला सव्विसाव्या दिवशी, हरतालिकेच्या संध्याकाळी, थर्माकोल टाळून आणलेलं मखराचं पुठ्ठ्याचं सामान हॉलभर पसरलेलं असताना. कामगारांनी तो दारातच ठेवला. आई बाहेर पॅसेजमध्येच त्यावर बसल्या, हात न लावता उठल्या, आणि म्हणाल्या, "आता आत घ्या."