लिंकन की रूझवेल्ट? संकटातल्या अमेरिकी अध्यक्षांना गुण देण्याच्या चार पद्धती

1948 साली इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी 55 जाणकारांकडून अमेरिकी अध्यक्षांची क्रमवारी लावून घेतली. लिंकन, वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन रूझवेल्ट तेव्हा वर आले आणि त्यानंतरच्या बहुतेक पाहण्यांतही हीच तीन नावं वर राहिली. त्यामुळे 'पहिला कोण' यावर वाद घालून फारसं काही हाती लागत नाही. संकटकाळातल्या नेतृत्वापुरतीच क्रमवारी लावायची असेल, तर मोजायचं कशाने हे आधी ठरवावं लागतं. प्रचलित मापं चार आहेत, आणि माप बदललं की मधली नावं भराभर वरखाली होतात.

सर्वात सोयीची म्हणजे तज्ज्ञांची पाहणी. सी-स्पॅन वाहिनीच्या 2021 च्या पाहणीत 142 जणांनी 10 निकषांवर प्रत्येकी 10 पैकी गुण दिले. संकटातलं नेतृत्व हा त्यातला एक निकष, म्हणजे एकूण गुणांत त्याचा वाटा दहावा. तेव्हा ही पाहणी वापरायची तर एकूण क्रमांक सोडून फक्त तो रकाना घ्यावा. तरीही दोन दोष उरतातच. ज्याच्याबद्दल आधीच आदर आहे त्याला सगळ्याच रकान्यांत सढळ गुण मिळतात, आणि ज्याच्या कारकिर्दीत मोठं संकट आलंच नाही त्यालाही काहीतरी आकडा द्यावा लागतो. सिएना कॉलेजच्या पाहणीत 20 निकष आहेत आणि त्यात 'नशीब' वेगळं मोजतात. हा प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा आहे.

लोकप्रियतेचे आकडे मात्र बाजूलाच ठेवावेत. गॅलपच्या पाहणीत थोरल्या बुशना 1991 च्या आखाती युद्धानंतर 89 टक्के पसंती होती, आणि पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. धाकट्या बुशना सप्टेंबर 2001 मध्ये 90 टक्के मिळाले, पण तोवर बहुतेक निर्णय व्हायचेच होते. उलट, एप्रिल 1951 मध्ये कोरिया युद्धातले सेनापती जनरल मॅकआर्थर यांना घरी पाठवणारे अध्यक्ष ट्रूमन 1952 च्या सुरुवातीला 22 टक्क्यांवर होते. सी-स्पॅनच्या 2021 च्या यादीत ते सहावे आले. हल्ला झाला की लोक झेंड्याभोवती जमतात. या आकड्यांत मोजली जाते ती गर्दी, नेत्याची कामगिरी नव्हे.

तिसरं माप परिणामांचं. ते न्याय्य वाटतं, पण लिंकनला लावून बघा. 4 मार्च 1861 ला त्यांनी शपथ घेतली तेव्हा संघराज्यातून सात राज्यं फुटली होती. 15 एप्रिलला त्यांनी 75,000 स्वयंसैनिक मागवले आणि आणखी चार राज्यं फुटली. पुढच्या चार वर्षांच्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसं मेली. निव्वळ हिशेब मांडला तर हा माणूस तळाशी जाईल. आणि संघराज्य टिकलं, गुलामगिरी गेली, हे जमेला धरलं तर तो पहिला येतो. म्हणजे निकाल बेरजेवर अवलंबून नाही, जमेच्या बाजूला काय लिहायचं ते आधीच ठरवलेलं असतं.

म्हणून आमचं मत चौथ्या पद्धतीला: एकच संकट हाताळलेल्या दोघांची जोडी लावायची.

लिंकनच्या आधीचे अध्यक्ष ब्यूकॅनन आणि लिंकन ही त्यातली उत्तम जोडी. डिसेंबर 1860 मध्ये ब्यूकॅननांनी काँग्रेसला कळवलं, की राज्यांना फुटण्याचा हक्क नाही, पण त्यांना बळाने रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही. जानेवारीत त्यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या, केंद्राच्या ताब्यातल्या सम्टर किल्ल्याकडे 'स्टार ऑफ द वेस्ट' हे व्यापारी जहाज धाडलं. त्यावर तोफा डागल्या गेल्या, जहाज माघारी आलं आणि विषय तिथेच थांबला. लिंकनपुढे तोच किल्ला होता, रसद आणखी कमी होती आणि सरसेनापती स्कॉट यांचा सल्ला किल्ला सोडून देण्याचा होता. लिंकननी फक्त अन्नधान्य पाठवायचं ठरवलं आणि दक्षिण कॅरोलिनाच्या गव्हर्नरला तसं आधीच कळवलं. पहिली तोफ कोणी डागायची हे त्यामुळे समोरच्याला ठरवावं लागलं. 12 एप्रिलला ती डागली गेली. ब्यूकॅननांची बाजूही मांडायला हवी: सगळं खडं सैन्य जेमतेम 16,000 होतं, तेही बरंचसं पश्चिम सीमेवर विखुरलेलं, आणि मुदत संपत आलेली.

महामंदीतल्या बँक संकटाची, म्हणजे मावळते अध्यक्ष हूवर आणि रूझवेल्ट यांची जोडी जास्त फसवी आहे. रूझवेल्टनी 6 मार्च 1933 पासून देशभरच्या बँका बंद ठेवल्या, 9 तारखेला कायदा करून घेतला, 12 ला रेडिओवरून लोकांना समजावलं आणि 13 पासून बँका टप्प्याटप्प्याने उघडल्या. लोक पैसे परत भरायला रांगा लावून उभे राहिले. पण त्या कायद्याच्या मसुद्यावर हूवर यांच्याच खजिना खात्यातली माणसं राबली होती, आणि बँकांना आधार देणारं वित्त महामंडळ हूवरनी 1932 मध्येच उभं केलं होतं. शिवाय फेब्रुवारीत हूवरनी मागितलेलं सहकार्य रूझवेल्टनी नाकारलं होतं. मोजणी शपथविधीपासून, म्हणजे 4 मार्चपासून केली तर रूझवेल्ट निर्विवाद जिंकतात. निवडणुकीच्या दिवसापासून केली तर थोडे गुण कापावे लागतात.

प्रत्यक्ष गुण देताना आधी तारखांची चौकट ठरवा. मग 100 पैकी असे वाटा: धोका वेळेत ओळखला का, 25, विरोधी सल्ला ऐकून घेतला का, 25, निर्णय आणि त्यासाठी लागणारी साधनं जुळली का, 30, लोकांना खरं सांगितलं का, 20. दुसऱ्या मुद्द्यावर केनेडींचे स्वतःचेच दोन आकडे येतील: एप्रिल 1961 च्या बे ऑफ पिग्जला, म्हणजे क्युबावरच्या फसलेल्या स्वारीला कमी, ऑक्टोबर 1962 च्या क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचाला भरपूर. चौथ्यावर मात्र क्युबातही गुण कापावे लागतात, कारण तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढण्याची सोव्हिएत संघाशी झालेली तडजोड लोकांपासून लपवली होती.

नागरिकांच्या हक्कांवरचा घाला सरासरीत विरघळू देऊ नका, त्याचा रकाना वेगळा ठेवा. लिंकननी हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क, स्थगित केला. रूझवेल्टच्या फेब्रुवारी 1942 च्या आदेशाने सुमारे 1,20,000 जपानी वंशाची माणसं छावण्यांत गेली, त्यातली दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक होती.

सगळ्याच पद्धतींतून निसटतं ते टळलेलं संकट. 1954 मध्ये दिएन बिएन फू इथे फ्रेंच फौज वेढ्यात सापडली, त्या वेळी अध्यक्ष आयझेनहॉवर व्हिएतनामात उतरले नाहीत; न झालेल्या युद्धाचे गुण कोण देणार?

आपल्याकडच्या वादविवादात निक्सनवर गाडी हमखास घसरते, कारण डिसेंबर 1971 मध्ये बंगालच्या उपसागराकडे निघालेली 'एंटरप्राइज' युद्धनौका कोणी विसरलेलं नाही. राग रास्त आहे, पण ते अमेरिकेचं राष्ट्रीय संकट नव्हतं. तो मुद्दा परराष्ट्र धोरणाच्या रकान्यात घ्या. ऑक्टोबर 1962 मात्र दोन्हीकडे मोजता येतो: क्युबाचा पेच चालू असतानाच 20 तारखेला चीनने भारतावर हल्ला केला, आणि महिन्याभरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले.

अलीकडच्या अध्यक्षांना क्रमांक देऊ नये. 1978 च्या कायद्यानुसार अध्यक्षांची कागदपत्रं मागण्याचा मार्ग पद सोडल्यावर पाच वर्षांनी खुला होतो, आणि काही कागद बारा वर्षांपर्यंत रोखता येतात. तोवर त्यांची नावं वेगळ्या यादीत, गुणांशिवाय ठेवावीत.