चार राजधान्यांचं पॅकेज: तीन पुरे होत्या

पॅकेजचं नाव होतं 'चार देश, चार राजधान्या, आठ रात्री'. टॅलिन (एस्टोनिया), हेलसिंकी (फिनलंड), रिगा (लाटव्हिया), विल्निअस (लिथुआनिया). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माणसं वागायला चांगली होती आणि माझं भांडण त्यांच्याशी कमी, त्या 'चार'शी जास्त आहे.

गेलो आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. आई ७२ वर्षांच्या, गुडघे कुरकुरणारे, सगळी नोकरी संस्कृत शिकवण्यात गेलेली. युरोपात कुठे जायचं विचारल्यावर पॅरिस नाही, रोम नाही, एकदम 'लिथुआनिया' म्हणाल्या. तिथल्या भाषेत मुलगा म्हणजे 'सूनुस', अग्नी म्हणजे 'उग्निस', धूर म्हणजे 'दूमास'. वर्गात पोरांना हे त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं, पण तिथल्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला टॅलिनची तटबंदी बघायची होती. दोन्हींच्या मधे रिगा आपसूक आलं. हेलसिंकी कुणीच मागितलं नव्हतं. ते कंपनीने घातलं, 'एवढं जवळ जाताय तर' म्हणून.

आधी चांगलं सांगते. व्हिसाचं काम चोख. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, मुक्काम जिथे सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. आमच्या टॅलिन ३, रिगा २, विल्निअस ३. म्हणून अर्ज एस्टोनियाकडे. हे त्यांनी पहिल्याच फोनवर समजावलं. चारही देशांत युरो चालतो, त्यामुळे सुट्ट्या पैशांची डबी एकच. हॉटेलं जुन्या शहराला चिकटून आणि तिन्हीकडे लिफ्ट. आईंच्या गुडघ्यांबद्दल मी फक्त एकदा लिहिलं होतं, ते कुणीतरी वाचलं होतं.

आता हेलसिंकी. टॅलिनहून जहाज दोन तासांचं, ऐकायला सोपं. पण बंदरावर आधी पोचा, रांग लावा, उतरून ट्राम शोधा आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने. दिवसातले सहा तास येण्याजाण्यात गेले. सेनेट चौकातलं पांढरं कॅथेड्रल आईंनी पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून पाहिलं. "वरून काय वेगळं दिसणार आहे?" खडकात कोरलेल्या चर्चच्या वाटेवर असतानाच परतीचं घड्याळ टिकटिकायला लागलं. बरं, शेंगेनच्या आतल्या आत फिरताना पासपोर्टवर शिक्काही पडत नाही. म्हणजे चौथा देश होता तो फक्त पत्रकात. हेलसिंकीला नावं ठेवत नाही. एखाद्या दुपारच्या मापाचं ते शहर नाही, एवढंच.

तो दिवस कापला गेला टॅलिनमधून. तिथल्या टाउन हॉल चौकात १४०४ साली पूर्ण झालेला टाउन हॉल आहे आणि त्याच्यासमोर एक औषधाचं दुकान, ज्याची नोंद १४२२ पासून सापडते. आजही तिथे गोळ्या मिळतात! आईंनी हट्टाने गुडघ्याचं मलम तिथूनच घेतलं. वरच्या टेकडीवर जायला दोन जुने रस्ते आहेत, एकाचं नाव 'लांब पाय', दुसऱ्याचं 'आखूड पाय'. म्हणून टॅलिन लंगडं आहे, असा तिथला जुना विनोद. गाइडने तो सांगितला तेव्हा आई एवढ्या हसल्या की लांब पाय विनातक्रार चढून गेल्या.

टॅलिन ते रिगा बसने साडेचार तास. पुढच्या सीट मिळाल्या होत्या. सरहद्द कधी गेली ते पाटीवरून कळलं, बाकी बस थांबलीसुद्धा नाही. वाटेत मी आईंना १९८९ च्या २३ ऑगस्टची गोष्ट सांगितली. सोव्हिएत राजवटीविरुद्ध सुमारे २० लाख माणसं हातात हात धरून उभी राहिली होती, टॅलिनपासून रिगावरून विल्निअसपर्यंत, ६०० किलोमीटरहून लांब. आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मग त्यात हेलसिंकी कुठंय?" सहल आखणाऱ्याला हा प्रश्न पडायला हवा होता.

रिगाची मात्र माती केली. आम्ही पोचलो २२ जूनला. लाटव्हियात २३ आणि २४ जून ही सुट्टी, वर्षातला सर्वांत छोट्या रात्रीचा सण. अर्धं शहर खेड्याकडे पळतं. आमचा रिगातला एकमेव पूर्ण दिवस नेमका २३ तारीख. दुकानं बंद, ज्या उपाहारगृहाचं नाव कंपनीने दिलं होतं तेही बंद. फोन केला तर उत्तर, "हो मॅडम, लोकल फेस्टिवल आहे, तुम्ही लकी आहात." कॅलेंडर एकदा उघडून बघितलं असतं तरी चाललं असतं.

सुदैवाने २२ ची दुपार हाताशी होती. बॅगा टाकल्या आणि थेट सेंट्रल मार्केट गाठलं. झेपेलिन हवाई जहाजांच्या जुन्या हँगरचे सांगाडे आणून त्यावर पाच अवाढव्य मंडया उभारल्यात, १९३० पासून चालू. मासळीच्या मंडईतून नाकाला पदर लावून पार झालो आणि पुढे खारवलेल्या भाज्यांपाशी आई रमल्या. कोबी, काकडी, अख्खे लसूण, सगळं पिंपांत. विकणाऱ्या बाईंनी काट्यावर कोबी पुढे केला. आईंनी चाखला, डोळे मिटले, मग बोटाने खूण केली: मोहरी कमी. त्या बाईंना काय कळलं कोण जाणे, दुसऱ्या पिंपातला दिला. दहा मिनिटं दोघींचं असं चाललं होतं, भाषेशिवाय. संध्याकाळी कॅथेड्रलच्या चौकात सणाचा बाजार भरलेला: पुरुषांसाठी ओकच्या पानांची वेटोळी, बायकांसाठी रानफुलांची, शिवाय शहाजिरं घातलेलं गोल चीज. ते चीजच दुसऱ्या दिवशीचं जेवण झालं.

आणि खरं सांगायचं तर त्या ओस पडलेल्या २३ तारखेनेच आल्बर्टा रस्ता नीट दाखवला. मिखाईल आयझेनस्टाईनने, म्हणजे सिनेमावाल्या आयझेनस्टाईनच्या वडिलांनी, बांधलेल्या इमारती तिथे ओळीने आहेत. किंचाळणारे चेहरे, सिंह, मोर, कोपऱ्याकोपऱ्यात कुणीतरी. ना गाड्या, ना गर्दी. आम्ही रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं. पण हे श्रेय कंपनीला देणार नाही.

विल्निअसला तीन रात्री, आणि तेवढ्या हव्यातच. जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला एक वेस आहे, वरच्या मजल्यावर मेरीमातेचं सोनेरी चित्र, खाली रस्त्यात गुडघे टेकणारी माणसं. नकाशावर नाव 'औश्रोस वार्ताई', पहाटेचं दार. आईंनी ते दोनदा वाचलं. "औश्रा. अगं, उषा!" मग हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाकडून त्यांनी सूनुस, उग्निस, दूमास, सगळे शब्द एकेक करून म्हणवून घेतले आणि उच्चार वहीत टिपले. पोरगा बिचारा चेक-इनची रांग थांबवून म्हणत होता. त्या दिवशी जेवणात बीटाचं थंडगार गुलाबी सूप होतं, ताकासारख्या केफिरमध्ये, वर शेपू, सोबत गरम बटाटे. शाकाहारी असाल तर आधीच 'अंडं नको' सांगा, ते वरून घालतात.

पाचपैकी तीन तारे. याच आठ रात्री परत मिळाल्या तर मी टॅलिन २, रिगा ३, विल्निअस ३ अशा वाटेन आणि २३-२४ जून टाळेन. किंवा मुद्दाम लाटव्हियातल्या खेड्यात गाठेन.

कंपनीने आता बाल्कनचं पत्रक पाठवलंय, 'सहा राजधान्या, नऊ दिवस'. आईंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं आणि विचारलं, "यात बसमधून उतरायचं कधी?"