फोनला लावायचा थर्मल कॅमेरा, आठ महिने वापरून झाल्यावर

आठ महिने झाले, हा छोटा थर्मल कॅमेरा, म्हणजे वस्तूंची उष्णता चित्रात दाखवणारा, फोनच्या चार्जिंग पोर्टला लावून वापरतोय. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचं काम करतो, म्हणजे पॅनल उघडून कुठलं कनेक्शन तापतंय ते शोधणं रोजचंच, आणि आधी ते वासावरून नाहीतर वायरचं इन्सुलेशन काळं पडल्यावरच कळायचं. कॅमेरा घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक पॅनल लोडवर असताना बघितलं तर तीन फेजपैकी मधल्या फेजचा लग (वायरच्या टोकाला असतो तो बोल्टने आवळायचा धातूचा तुकडा) स्क्रीनवर एकटाच पांढराफटक, म्हणजे तापलेला, बाकीचे दोन शांत. सप्लाय बंद केला, बोल्ट बघितला तर अर्धा फेरा ढिला. टाइट करून परत लोड दिला, अर्ध्या तासाने तिन्ही लग एका रंगाचे. त्या एका बोल्टने माझं मन जिंकलं.

मग आत नेमकं काय आहे ते वाचायला लागलो आणि वाचतच गेलो, कारण ही वस्तू आधी सैन्यासाठी बनलीये. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड नावाचा पदार्थ सापडला, उष्णता 'बघायला' एकदम भारी, पण त्याचे लांब पल्ल्याचे सेन्सर उणे १९६ डिग्रीच्या आसपास थंड ठेवायला लागायचे. तेवढं कूलिंगचं लटांबर प्रत्येक सैनिकाच्या बंदुकीवर कसं बसणार? म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या नाइट व्हिजन लॅबने आणि डार्पाने (अमेरिकेची संरक्षण संशोधन संस्था) पैसे लावले आणि हनीवेल कंपनीच्या लोकांनी कूलिंग न लागणारा सेन्सर बनवला, मायक्रोबोलोमीटर. प्रत्येक पिक्सेल म्हणजे व्हॅनेडियम ऑक्साइडचा थर दिलेली एक बारीकशी पट्टी, चिपच्या वर दोन नाजूक पायांवर अधांतरी उभी, भोवती व्हॅक्यूम, म्हणजे पडलेली उष्णता लगेच पळून जात नाही. पट्टी एक डिग्री तापली की तिचा रेझिस्टन्स साधारण २ टक्क्यांनी बदलतो, तेवढाच मोजायचा. माझ्या कॅमेऱ्यात अशा १६०×१२०, म्हणजे १९,२०० पट्ट्या आहेत आणि सगळा ऐवज अंगठ्याएवढा! १९९२ मध्ये अमेरिकन सरकारने हे गोपनीय यादीतून काढलं आणि हनीवेलने दुसऱ्या कंपन्यांना लायसन्स दिलं, त्यातूनच पुढे ते आपल्यासारख्यांच्या हातात आलं. ज्यांनी त्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं डोकं लावलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता वापरताना काय होतं ते. मधूनमधून टक् असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थांबतं, पहिल्या दिवशी मला वाटलं पीसच खराब आला. तसं नसतं, आत एक छोटं शटर पडतं, सगळ्या पिक्सेलना एकाच तापमानाची गोष्ट दाखवतं आणि त्यावरून त्यांच्यातला फरक दुरुस्त करून घेतं. दुसरं म्हणजे चित्र अडखळत चालतं, सेकंदाला ९ च फ्रेम. हे तर थेट संरक्षणाच्या नियमांतून आलंय, जलद फ्रेमचा थर्मल कॅमेरा शस्त्राच्या नेमासाठी उपयोगी पडतो म्हणून निर्यातीवर कडक नियम आहेत आणि ९ पर्यंतच्या कॅमेऱ्यांना त्यातून बरीच सूट मिळते. पॅनल काही पळत नाही त्यामुळे मला ९ पुरतात, पण हलतं यंत्र बघायचं असेल तर चिडचिड होईल.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती चकचकीत धातूवर, हे नीट वाचा. तांब्याचा उघडा बसबार (पॅनलमध्ये करंट वाहून नेणारी जाड पट्टी) चांगला तापलेला असला तरी स्क्रीनवर थंड दिसतो कारण तो स्वतः फार कमी उष्णता फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, एकदा तर मला बसबारवर माझीच आकृती दिसली आणि मी दोन मिनिटं तिकडे हॉटस्पॉट समजून बघत बसलो होतो. उपाय सोपा आहे, सप्लाय बंद असताना बसबारवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवायचा आणि लोड दिल्यावर त्या टेपचं तापमान वाचायचं. काचेतून आणि पॅनलच्या अ‍ॅक्रिलिक कव्हरमधूनही काही दिसत नाही, ही किरणं त्यातून जातच नाहीत, म्हणून तर कॅमेऱ्याची लेन्स साध्या काचेची नसते, जर्मेनियमसारख्या पदार्थाची असते. खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, मी टाकला आणि कोटिंगवर चरे पाडून घेतले.

तापमानाचा आकडा अगदी खरा मानू नका, दोन-तीन डिग्री इकडेतिकडे होतात. मी आकडा सोडून तुलना बघतो, एकाच लोडवर एक फेज बाकी दोघांपेक्षा वेगळा का.

राग आहे तो अ‍ॅपवर. तळघरात काम करत होतो, नेटवर्क नाही, आणि अ‍ॅपने लॉगइन मागितलं, झालं, कॅमेरा हातात आणि उपयोग शून्य. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर आलं अपडेट येईल, अजून आलेलं नाही. सेन्सर इतका सुंदर आणि त्याला लॉगइनचं कुलूप, हे मला अजिबात पटत नाही. फोनची बॅटरीही झपाट्याने उतरते, तासभराचं काम असेल तर पॉवरबँक जवळ ठेवा.

हातभर अंतरावरून पॅनल, मोटरची बेअरिंग, भिंतीतली ओल बघायची असेल तर बिनधास्त घ्या. उंचावरची लाइन किंवा लांबची जोडणी खालून बघायची असेल तर १६०×१२० मध्ये ती दोन-तीन ठिपक्यांत संपते, तिथे जास्त पिक्सेलचा हातात धरायचा कॅमेराच लागेल.