बायोचारसाठी काय जाळावे? पऱ्हाटी, तूस, पाचट आणि बाकीचे

बायोचारची, म्हणजे काडीकचरा कमी हवेत जाळून जमिनीत घालण्यासाठी केलेल्या कोळशाची, भट्टी कोणती घ्यावी यावर भरपूर बोलले जाते, पण तिच्यात घालायचे काय यावर फारसे कुणी बोलत नाही. खरे तर पत्र्याच्या पिंपाची भट्टी चालते, जमिनीत खणलेला शंकूच्या आकाराचा खड्डाही चालतो. माल चुकला तर मात्र हाती कोळशाऐवजी राख येते. नाहीतर कोळसा उत्तम उतरतो आणि ज्या जमिनीत तो टाकायचा, तिलाच मानवत नाही.

मालात राख किती आणि त्याची जाडी-ओल कशी, हे सगळेच तपासतात. मी त्याआधी विचारतो की हा माल आज जातो कुठे. गुरांच्या पोटात, चुलीत किंवा आच्छादन म्हणून जात असेल तर तो फुकटचा नाही. धुऱ्यावर (बांधावर) पेटवून दिला जात असेल, तरच त्याचा कोळसा करण्यात अर्थ आहे.

या कसोटीवर उसाचे पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पहिल्यांदा बाद होते. हेक्टरी आठ-दहा टन मिळते, त्यामुळे मोह होतो. पाचटाचा कोळसा होतो हेही खरे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला पाचटापासून कोळशाच्या कांड्या बनवण्याच्या तंत्रासाठी २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. पण तो कोळसा चुलीसाठी होता. जमिनीचा विचार करायचा तर पाचट सरीत ठेवणे हेच फायद्याचे. तण दबते, पाण्याची पाळी लांबते, आणि कुजताना त्यातले नत्र जमिनीतच राहते. कोळसा करताना नत्राचा मोठा हिस्सा धुरावाटे उडून जातो. शिवाय पाचट हलके आणि फुगीर. उघड्या खड्ड्यात ते भराभर पेटते आणि तितक्याच भराभर राख होते, म्हणून बंद भट्टी घ्यावीच लागते. खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून घेतलेले ऊसपीक) राखणार नसाल, रान लगेच मोकळे हवे असेल आणि नाहीतर काडी लावणारच असाल, तेवढ्यापुरता पाचटाचा विचार करावा.

पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, गोष्ट वेगळी. गुरे ती खात नाहीत, लवकर कुजत नाही, आणि उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. म्हणूनच फरदड (वेचणीनंतर तीच झाडे राखून घेतलेले जादा पीक) घेऊ नका, वेचणी संपली की पऱ्हाट्या काढा, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. बहुतेक ठिकाणी त्या उपटून धुऱ्यावर पेटवल्या जातात. हेक्टरी दोन-तीन टन, म्हणजे एकरी साधारण ८ ते १२ क्विंटल माल असा जातो. काडी बोटाएवढी जाड, लाकडासारखी कडक. खड्ड्याच्या पद्धतीला याहून सोयीची जाडी नाही. वरून पेटवायचे, काड्यांवर पांढरट राखेची झाक दिसली की पुढचा थर टाकायचा. वरची ज्वाळा हवेतला प्राणवायू खाऊन टाकते, त्यामुळे खालचा कोळसा जळत नाही. शेवटी पाण्याने विझवायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात पाण्याची पंचाईत असते, तेव्हा ओल्या मातीने नीट झाकून दाबले तरी चालते, पण कुठून हवा शिरली तर सकाळी राखच सापडते. हैदराबादच्या ‘क्रीडा’ या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने पिंपाची छोटी भट्टी बनवली, तीही पऱ्हाटी, तुराटी (तुरीच्या काड्या), एरंडाच्या काड्या यांसारख्याच मालासाठी.

पऱ्हाटीची अडचण मजुरीची. उपटणे, मुळांची माती झटकणे, तोडणे हे सगळे हाताने. माती तशीच राहिली तर ती कोळशात राख म्हणून मोजली जाते. दुसरे म्हणजे आता तिला गिऱ्हाईकही येऊ लागले आहे. औष्णिक वीज केंद्रांनी दगडी कोळशासोबत काही टक्के बायोमास जाळावा असे केंद्र सरकारचे धोरण आहे, त्यासाठी पेलेट (दाबून केलेल्या छोट्या कांड्या) बनवणारे काडीकचरा विकत घेतात. तुमच्या भागात असा खरेदीदार असेल तर आधी दर विचारा. जागेवरून उचलून नेऊन तो बरा भाव देत असेल, तर मी पऱ्हाटी विकून त्या पैशात शेणखत घेईन.

तुराटी गुणाने पऱ्हाटीच्या बरोबरीची, सरळ असल्याने रचायला आणखी सोपी. पण ती अजून चुलीत जाते, कुडाला आणि मांडवाला लागते. घरची गरज भागून उरली तर पऱ्हाटीतच मिसळा.

आता राखेचे गणित. वाळलेल्या काडीत ५ टक्के राख असेल आणि १०० किलोतून २५ किलो कोळसा निघाला, तर ती पाच किलो राख त्या २५ किलोतच राहते. म्हणजे कोळशाचा पाचवा हिस्सा राख! भाताच्या तुसात मुळातच १५ ते २० टक्के राख असते, त्यामुळे तुसाच्या कोळशात ती निम्म्याच्या आसपास जाते. यावरून तूस टाकाऊ ठरवणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण त्या राखेत मुख्यतः सिलिका असते आणि भाताला ती हवीच असते. कोकणातल्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत तुसाचा कोळसा थोडेफार चुन्याचे कामही करतो. भातगिरणीच्या मागे ढीग आयताच जमलेला असतो, तोडणी नाही की वाळवणी नाही. मात्र तूस बारीक, दाबून बसणारे. ते खड्ड्यात जमत नाही. मधोमध भोके पाडलेला धुराडीचा पत्रा उभा करून, भोवती तूस रचून, आतून बाहेर हळूहळू काळे करत न्यावे लागते. आच फार वाढू देऊ नये, कारण जास्त उष्णतेत सिलिकाचे स्फटिक होतात आणि त्यांची धूळ फुफ्फुसाला घातक असते. कोळसा ओला करूनच हाताळावा. ज्यांच्याकडे अजून राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपांसाठी काडीकचरा पसरून जमीन भाजतात, त्यांनी मात्र हा कोळसा राबाला पर्याय समजू नये. राबाच्या आचेने तणाचे बी मरते, ते काम कोळसा करणार नाही.

हाच तुसाचा कोळसा मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या रानात मी टाकणार नाही. तिथे सामू (पीएच) आधीच आठच्या पुढे, पिकाला लोह-जस्त मिळत नाही म्हणून पाने पिवळी पडतात. त्यात आणखी विम्लधर्मी कोळसा कशाला? खरे म्हणजे भारी काळ्या जमिनीत ओल आणि अन्नद्रव्ये धरून ठेवायचे काम तिथली चिकणमाती करतेच, त्यामुळे बायोचारचा फरकही तिथेच सर्वांत कमी दिसतो. पऱ्हाटी पिकते काळ्या रानात, पण तिचा कोळसा उपयोगी पडेल त्याच शिवारातल्या मुरमाड, हलक्या पट्ट्यात. तिकडेच न्यावा.

वेडी बाभूळ कोळशाच्या प्रतीत या सगळ्यांच्या वर. राख कमी, लाकूड घट्ट, कोळसा वर्षानुवर्षे टिकणारा. पण जाड ओंडके आतपर्यंत होत नाहीत, फोडावे लागतात, आणि ओले लाकूड वाळायला महिने जातात. शिवाय हा कोळसा हॉटेलांना, भट्ट्यांना विकला जातो. विकण्याजोगा कोळसा मातीत पुरायला मन होत नाही, हे मी समजू शकतो. जाड लाकूड विका आणि मनगटापेक्षा बारीक फांद्यांचा बायोचार करा. झाड छाटले तर बुंध्यातून पुन्हा फुटते, म्हणून रान मोकळे करायचे असेल तर मुळासकट काढा. तोडण्याआधी वनविभागाकडे चौकशी केलेली बरी.

नारळाची करवंटीही याच पंक्तीत बसते, पण तिला ॲक्टिव्हेटेड कार्बनवाले चांगला भाव देतात, तेव्हा तो विषय तिथेच संपतो. बांबूचे तुकडे उत्तम, फक्त आधी चिरून घ्या, नाहीतर पेरांतली हवा तापून ते फटाक्यासारखे फुटतात. सोयाबीनचे कुटार गुरांना द्या. केळीच्या खांबात बहुतांश पाणीच असते, तो कंपोस्टला बरा.

द्राक्षाच्या काड्यांबद्दल नाशिक-सांगलीकडून विचारणा होते. खरड छाटणीत त्या भरपूर निघतात, जाडीही योग्य. पण बागेवर वर्षानुवर्षे मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी झालेली असते. मोरचुदातले तांबे जळत नाही, ते चौपटीने आटलेल्या कोळशात साठते. प्रयोगशाळेतून तांबे तपासून घेतल्याशिवाय तो कोळसा बागेत टाकू नये. रंगवलेले लाकूड आणि प्लायवूड तर भट्टीजवळही आणू नका.

मोठा निर्णय घेण्याआधी घरी एक चाचणी करा. माल कडकडीत वाळवा. काडी वाकली तर ओली, कट् करून मोडली तर तयार. त्यातली २०० ग्रॅम लोखंडी तव्यावर पूर्ण जाळा आणि राख किराणा तोलायच्या काट्यावर तोला. १० ग्रॅमच्या आत असेल तर माल चांगला. ३० ग्रॅमच्या वर गेली, तर तो फक्त आम्ल जमिनीसाठी. तूस जळाल्यावरही काळपट राहते, कारण सिलिकात थोडा कोळसा अडकून बसतो, त्यामुळे त्याचा आकडा अंदाजेच धरा.

आणि अपेक्षा बेतानेच ठेवा. खड्ड्यात वाळल्या मालाच्या १५ ते २५ टक्के कोळसा निघतो. एकरभर पऱ्हाटीतून दीड-दोन क्विंटल मिळाला तरी पुष्कळ. प्रयोगांमध्ये बायोचार हेक्टरी टनांनी वापरतात, तेवढा आपल्याच काडीतून एका हंगामात होणार नाही. म्हणून तो रानभर फेकू नका. गोमूत्रात किंवा शेणाच्या काल्यात पंधरा दिवस मुरवा, नाहीतर कोरा कोळसा सुरुवातीला पिकाच्या वाट्याचे नत्र धरून बसतो. मग फळझाडांच्या आळ्यात, भाजीपाल्याच्या गादीवाफ्यात किंवा मिरची-टोमॅटोच्या सरीत मुळांजवळ द्या. दीड क्विंटल कोळशात पाच-दहा गुंठे नीट भागतात.