टाटा सफारी: पाच तारे कोणत्या रांगेचे?

भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या सरकारी तपासणीचा, पहिला निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला, तो सफारी आणि हॅरियरचा. सफारीला मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३०.०८ आणि मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४४.५४ गुण मिळाले, दोन्हीकडे पाच तारे. त्याआधी ऑक्टोबरमध्ये अशीच तपासणी करणाऱ्या ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेनेही पाचच दिले होते. सांगाडा दणकट आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की तिला सावरणारी यंत्रणा) सगळ्यात खालच्या मॉडेललाही मिळतात. चालकाच्या गुडघ्यापाशी असलेली सातवी एअरबॅग वरच्या मॉडेललाच आहे. केवळ तिच्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजू नका.

आता गुणांची फोड बघू. बाजूच्या धडकेत १६ पैकी १६, समोरच्या धडकेत १६ पैकी १४.०८. समोरची चाचणी ६४ किमी वेगाने होते आणि गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भागच अडथळ्यावर आदळतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. त्या वेगाला गाडीतली ऊर्जा चाचणीच्या साधारण साडेतीन पट असते, आणि सफारी पावणेदोन टनांहून जड. तारे बघून पाय जड करणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावं.

समोरच्या चाचणीत मोठ्यांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात, दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे मधल्या रांगेत. तिसरी रांग रिकामी असते. मागून बसणारी धडक तर या तपासणीतच नाही. म्हणजे सात जणांची गाडी म्हणून जी विकली जाते, तिच्या शेवटच्या दोन जागांबद्दल तारे फारसं काही सांगत नाहीत. आणि आपल्याकडे नेमकी पोरांची रवानगी तिथेच होते, कारण मोठ्यांचे गुडघे तिथे मावत नाहीत. हे उलटं करा. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट गाडीला थेट अडकवण्याचे, हुक मधल्या रांगेत, कडेच्या जागांना आहेत. लहान मूल तिथेच बसलं पाहिजे. मागे मोठा माणूस बसवा, तोही तीन-बिंदू पट्टा लावून आणि हेडरेस्ट वर ओढून. हेडरेस्ट खाली दाबलेला राहिला तर मागून धक्का बसताच मान मागे झटकते.

मुलांच्या गुणांत धडकेचे २४ पैकी २३.५४ आणि चाइल्ड सीट बसवण्याचे १२ पैकी १२ आहेत. गाडीतल्या सोयींचे मात्र १३ पैकी ९. तेव्हा गाडी बुक करण्यापूर्वी स्वतःची चाइल्ड सीट शोरूममध्ये घेऊन जा. दोन्ही हुकांचा ‘खट्’ आवाज आला पाहिजे आणि दोन्ही खुणा हिरव्या व्हायला हव्यात. चाइल्ड सीटला आधाराचा पाय असेल तर तो जमिनीवर घट्ट टेकलेला हवा. अधांतरी राहिला तर सीट पुढे कलंडते. मग सीट धरून हलवून बघा. मूल किमान सव्वा वर्षाचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवा, जमलं तर चार वर्षांपर्यंत. अशी सीट चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, कधीही ठेवायची नाही.

सहा की सात आसनी, हा प्रश्न इथेच सुटतो. सलग बाकाच्या मधल्या रांगेत चाइल्ड सीट लावली की ती बाजू दुमडता येत नाही आणि मागे जायची वाट अडते. सहा आसनीत दोन खुर्च्यांमधून मागे जाता येतं. लहान मूल असेल तर सहा आसनीच घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट न लावल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडाची भीती ही छोटी गोष्ट झाली. मागे पट्टा न लावलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर जाऊन आदळतो आणि पुढे बसलेल्याला सीट आणि एअरबॅग यांच्यात चेपतो. पुढच्यांनी पट्टा लावला असला तरी त्यांची सुटका नसते.

तिन्ही रांगा उघड्या असताना डिकीत लहान बॅगाच मावतात. सीटच्या पाठीपेक्षा उंच सामान रचू नका. तिसरी रांग दुमडली असेल तर जड बॅगा खाली, मधल्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा.

खरा घोळ ॲक्सेसरीजच्या दुकानात होतो. बाजूच्या एअरबॅग सीटच्या कडेतून उघडतात, त्यामुळे तिथे शिवण नसलेलं जाड कव्हर चढवलं की त्यांची वाट अडते. कव्हर घ्यायचंच तर कडेला सुटणारी शिवण असलेलं घ्या. बुल बारवर, म्हणजे बंपरपुढे लावायच्या लोखंडी दांड्यावर, बंदी आहेच. शिवाय तो धक्क्याचा मार्ग बदलतो आणि एअरबॅगची वेळ चुकू शकते.

एडास, म्हणजे कॅमेरा आणि रडार वापरून चालकाला मदत करणारी यंत्रणा, वरच्या मॉडेलना आहे आणि भारत एनकॅपच्या गुणांत त्याचा हिशेब नाही. पट्टे पुसलेल्या रस्त्यावर लेनची मदत बहुतेक गप्प बसते. आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा उपयोग जास्त. पावसाळ्यात पुढच्या रडारवरचा चिखल रोज पुसा, फास्टॅग काचेवरच्या कॅमेऱ्यासमोर चिकटवू नका. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झाल्याचं बिलावर लिहून घ्या, नाहीतर बाहेरचा काचवाला काच बसवून मोकळा होतो आणि कॅमेरा तिरकाच बघत राहतो.